सटवाईचा टाक आणि सरांचा फोन

मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर लिहून जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा तेवत ठेवायचा. या समजुतीत आम्हांस सर्वांत बोचते ती गोष्ट अशी की, लेख ज्याच्या कपाळी असतो त्याला तो वाचता येत नाही. इतरांना तरी कुठे वाचता येतो म्हणा; पण पुढे जे घडेल त्याला 'कपाळीच होते' असे म्हणून ते मोकळे होऊ शकतात. ज्याचे कपाळ त्याला तेवढीही सोय नाही.

परभणी जिल्ह्यात कबड्डी किंवा खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या कपाळावर हा लेख दुसऱ्यांदा लिहिला जातो. तिचे वय तेव्हा सतराच्या आसपास असते. बारावीची परीक्षा समोर असते किंवा नुकतीच संपलेली असते. या खेपेस लिहिणारे हात सटवाईचे नसतात. एका शाळेतले किंवा कनिष्ठ महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक आणि दुसऱ्या कुठल्या तरी महाविद्यालयातले क्रीडा संचालक, असे दोन सद्गृहस्थ फोनवर बोलतात आणि मिनिटभरात लेख पुरा होतो. प्रस्तुत लेखात आम्हांस या फोनविषयी बोलायचे आहे.

प्रसंग आमच्या डोळ्यांसमोरचा आहे. शालेय स्पर्धांचे दिवस होते. पांढऱ्या फक्कीने आखलेले मैदान, कडेला निंबाची सावली, सावलीत चार प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यांपैकी एका खुर्चीवर आम्ही आगंतुकासारखे बसलो होतो. शेजारच्या खुर्चीवरील शिक्षकांचा फोन वाजला. हातात गुणपत्रक असल्याने त्यांनी तो मांडीवर ठेवून मोठ्या आवाजात लावला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "सर, ती पाच नंबरची चढाई करणारी कशी हाय? आमच्याकडं वसतिगृहात एक जागा शिल्लक हाय." इकडून उत्तर गेले, "पोरगी गुणी आहे हो, पण काही खरं नाही तिचं. घरचे स्थळं बघायलेत म्हणे. तुमची जागा वाया जाईल. त्यापेक्षा ती डाव्या कोपऱ्यातली बघा." पलीकडून "बरं झालं सांगितलं सर" असे आले आणि फोन बंद झाला. पाच नंबरची मुलगी त्या वेळी समोरच्या अंगणात चढाईला निघाली होती. तिचा श्वास तिच्या ताब्यात होता. बाकी काय तिच्या ताब्यातून गेले होते याची तिला कल्पना नव्हती.

त्या मुलीचे पुढे काय झाले हे सांगून वाचकांच्या डोळ्यांत पाणी आणावे अशी आमची इच्छा नाही. तिचे चांगले झाले असेल तरी त्या फोनचे समर्थन होत नाही आणि वाईट झाले असेल तर त्याचा सारा दोष त्या फोनवर टाकणेही न्याय्य नाही. आम्हांस टोचते ते एवढेच की आम्ही ते ऐकले आणि गप्प बसलो. उठून "सर, हे तिला विचारलेत का?" एवढा प्रश्न विचारायला काही खर्च येत नव्हता.

आता या व्यवहाराची चौकट पाहू. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे त्यांचे गट असतात. या पायऱ्यांवर जो चमकतो त्याच्याकडे महाविद्यालयांचे लक्ष जाते. परभणीची पारंपरिक महाविद्यालये १९९४ पर्यंत औरंगाबादच्या विद्यापीठाशी जोडलेली होती. त्या वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि ती तिकडे गेली. कृषी विद्यापीठ तर १९७२ पासून परभणीतच आहे. महाविद्यालयाच्या संघातून विद्यापीठाचा संघ, विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाच्या आणि पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी ही वाट आहे. त्या वाटेच्या शेवटी पदक असते आणि पदकाच्या पलीकडे, महाराष्ट्रात शासकीय नोकरीतले खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण असते. म्हणजे सोनपेठच्या किंवा पालमच्या मुलीच्या दृष्टीने महाविद्यालयाच्या संघातली जागा हा हौसेचा विषय नाही. वसतिगृह, जेवण, पदवी आणि कदाचित पोलिसात भरती, एवढे सगळे त्या एका जागेत बांधलेले असते.

महाविद्यालयांनाही भूक आहे. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांनी क्रीडा स्पर्धांत मिळवलेली पारितोषिके मोजली जातात. विद्यापीठांच्या पातळीवर १९५६-५७ पासून दिली जाणारी माका करंडकाची चुरस आहे. २०२४ चा हा करंडक चंडीगढ विद्यापीठ या खाजगी विद्यापीठाने जिंकला, यावरून वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते कळावे. चांगला खेळाडू ही आता मागणी असलेली वस्तू आहे, आणि वस्तूला मागणी आली की तिच्याविषयीच्या बातमीलाही भाव येतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल की आम्ही क्रीडाशिक्षकांवर घसरणार. तसे नाही. हा फोन नसता तर परभणीच्या मुली कोणाला दिसल्याच नसत्या, हे आम्ही आधीच मान्य करून टाकतो. पुण्या-मुंबईचे निवडकर्ते जिंतूरच्या आडगावात येऊन मातीचे मैदान पाहत बसत नाहीत. त्या मुलीला पहिल्यांदा पाहिले ते तिच्या शाळेतल्या सरांनी. घरी जाऊन आईबापांची समजूत घातली त्यांनी. बूट आणले, एसटीचे तिकीट काढले, सामना संपल्यावर रात्री तिला घरापर्यंत सोडले, तेही बहुधा पदरमोड करून. यांतले कित्येक विनाअनुदानित शाळांत किंवा तासिका तत्त्वावर राबणारे. त्यांचे आणि महाविद्यालयांतल्या क्रीडा संचालकांचे नाते जुने असते, कोणी बी.पी.एड.ला एका वर्गात होते, कोणी वर्षानुवर्षे एकत्र पंचगिरी केलेली. या नात्यातून जो फोन जातो, त्यानेच कितीतरी मुलांची आयुष्ये मार्गी लागली आहेत. म्हणून माहिती देऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. कोणती द्यावी आणि कोणाच्या माघारी देऊ नये, एवढाच आमचा वाद आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. परभणीच्याच ज्योती गवते यांनी २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ साक्ष देते. घड्याळ आडनाव विचारत नाही आणि कोणाच्या घरची बातमी ठेवत नाही. सांघिक खेळात असे घड्याळ नसते. चढाईत किती गुण घेतले हे मोजता येते, पण 'संघात मिसळते का', 'दडपणाखाली टिकते का', 'चार वर्षे राहील का' हे कोणाला तरी विचारावे लागते. त्यामुळे कबड्डीत आणि खो-खोत जिभेचे राज्य मोठे आहे, आणि जिथे जिभेचे राज्य असते तिथे प्रजेला दाद मागायला जागा नसते.

या फोनवरून जाणाऱ्या माहितीचे ढोबळ चार प्रकार करता येतील. पहिला, खेळाचा : उजवीकडून चढाई करते, बोनस चांगला घेते, पकडीत कच्ची आहे. याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हे मैदानावर सगळ्यांनी पाहिलेले असते. दुसरा, शरीराचा : गुडघा दुखावला होता, रक्त कमी आहे, पाळीत त्रास होतो. ही बातमी शिक्षकाला कळते ती त्याच्यावर मुलीने किंवा तिच्या आईने टाकलेल्या विश्वासामुळे, आणि खर्ची पडते ती तिसऱ्याच माणसाच्या सोयीसाठी. तिसरा, वागणुकीचा : उद्धट आहे, उलट बोलते, शिस्त नाही. चौथा, घरचा : बाप पितो, आई ऊसतोडीला जाते, लग्न ठरते आहे, आणि सर्वांत शेवटी आवाज थोडा खाली आणून विचारलेले 'आडनाव काय म्हणालात?' आडनाव विचारणाऱ्याला आडनावाशी कर्तव्य नसते, हे परभणीत आणि परभणीबाहेर सर्वांना ठाऊक आहे.

तिसरा प्रकार पाहा. 'उलट बोलते' याचा अर्थ काय? आमच्या अनुभवात याचा अर्थ बहुधा असा निघतो की, प्रवासभत्त्याचा हिशेब विचारला, किंवा दुखऱ्या पायाने खेळायला नकार दिला, किंवा एखाद्या पुरुषाच्या हाताचा खांद्यावरचा मुक्काम फार लांबला तेव्हा तो झटकला. या तिन्ही गोष्टींबद्दल तिची पाठ थोपटायला हवी. फोनवर मात्र त्या तिन्हींचे भाषांतर 'शिस्त नाही' या दोन शब्दांत होते. ऐकणाऱ्याला मूळ प्रसंग विचारण्याची गरज वाटत नाही, कारण सांगणारा आपल्यातला असतो.

आता चौथ्या प्रकाराकडे, कारण आमच्या मते खरी मेख तिथे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले आढळले. राज्याचे प्रमाण त्याच सर्वेक्षणात सुमारे २२ टक्के होते. हा आकडा समोर ठेवून ते शिक्षक म्हणू शकतील की, 'आम्ही खोटे काय बोललो? आमच्या जिल्ह्यात हेच होते.' बरोबर आहे. जिल्ह्यात हेच होते. पण ज्या घराने सतराव्या वर्षापर्यंत आपल्या मुलीला गुडघ्यावरच्या चड्डीत, गावादेखत, मैदानात उतरू दिले, त्या घराचे माप जिल्ह्याच्या सरासरीने घेणे हा शुद्ध आळस आहे. आणि समजा अंदाज बरोबरही असला, तरी या अंदाजाचा स्वभाव हवामानाच्या अंदाजासारखा नाही. पाऊस पडेल असे म्हटल्याने पाऊस पडत नाही. पण 'तिचे लग्न होणार' म्हणून तिला वसतिगृहातली जागा नाकारली, की घरच्यांपाशी तिला थांबवण्याचे उरलेसुरले कारणही संपते आणि मग लग्न होते. त्यानंतर सांगणारा म्हणतो, 'बघा, मी म्हणालोच होतो.' सटवाईसुद्धा लिहून झाल्यावर अशी फुशारकी मारत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. सतरा वर्षांच्या मुलीला 'स्थळं बघायलेत' ही बातमी ज्याच्या कानी आली, त्याच्या कानी एका होऊ घातलेल्या गुन्ह्याची खबर आलेली आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ सालापासून आहे. १०९८ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. ज्या फोनवरून क्रीडा संचालकांना सावध केले, त्याच फोनवरून तो क्रमांक फिरवता आला असता. निदान मुलीच्या बापाला फोन करून 'दादा, एक जागा चालून आली आहे, चार वर्षे थांबा' असे सांगता आले असते. ते केले गेले नाही. बातमी होती, ती वापरलीही गेली. पण महाविद्यालयाची एक जागा वाचवण्यासाठी, मुलीला वाचवण्यासाठी नाही. ज्यांना ही तुलना कठोर वाटेल त्यांनी तिला आपल्या घरातल्या मुलीच्या जागी ठेवून पाहावे.

ऊसतोडीचेही तेच. दिवाळीच्या आगेमागे आईबाप कोयता घेऊन निघतात. मागे राहिलेली मुलगी धाकट्यांना आणि म्हातारीला सांभाळते, किंवा तीही फडावर जाते. मग ती सरावाला 'नियमित नसते'. वाक्य खरे आहे. पण हे असे खरे आहे की ज्यातून तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा कष्ट वजा केला आहे आणि उरलेला भाग तिच्या दोषाच्या खात्यावर मांडला आहे.

आपल्याकडे कोणाविषयीही दोन वह्या असतात, एक लेखी आणि एक तोंडी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' नावाचा एक रकाना असतो. त्या रकान्यात 'चांगली' याशिवाय दुसरा शब्द लिहिलेला वाचकांपैकी किती जणांनी पाहिला आहे? कागदावर आपण सगळे चांगल्या वर्तणुकीचे आहोत. खरी वर्तणूक तोंडी वहीत असते, आणि ती वही फक्त ओळखीच्यांना उघडून दाखवली जाते. लेखी वही खोटी असली तरी तिच्याविरुद्ध अर्ज करता येतो, खाडाखोड दाखवता येते, चुकीची जन्मतारीख दुरुस्त करून घेता येते. तोंडी वहीत चूक झाली तर ती दुरुस्त करण्यासाठी कोणत्या टेबलावर जायचे? आधी ती वही आहे हे तरी तिला कळायला हवे.

तोंडी वहीचे आणखी एक पान आहे, ते म्हणजे सलोख्याचे. 'तुमची पोरं आम्ही घेत नाही, आमच्या पोरांना तुम्ही हात लावू नका.' एखादा खेळाडू एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जायला निघाला, की त्याच्या आधी फोन जातो. दाखला आज देतो, उद्या देतो करीत प्रवेशाची मुदत टळेपर्यंत अडकवून ठेवला जातो. खेळाडू समजतो की कारकुनाचा ढिसाळपणा आहे. 'पळवापळवी थांबली पाहिजे' हे या सलोख्याचे गोड नाव. पळवायला खेळाडू ही कोणाच्या दावणीची म्हैस आहे काय, हा प्रश्न मात्र त्या बैठकीत निघत नाही.

हे परभणीतच चालते असे आम्ही म्हणत नाही. ज्यांना आपण फार पुढारलेले समजतो त्यांच्याकडेही हे चालत आले आहे, आणि तिथे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील आयव्ही लीगची आठ विद्यापीठे आणि एमआयटी यांचे अधिकारी दरवर्षी एकत्र बसत आणि एकाहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला कोणी किती आर्थिक मदत द्यायची, हे परस्परांत जुळवून घेत. हेतू उदात्त सांगितला जाई : बोली लागू नये, पैसा गरजूंपर्यंत पोहोचावा. १९९१ साली तेथील न्याय खात्याने त्यांच्यावर खटला भरला. आठ विद्यापीठांनी ही प्रथा सोडण्याचे मान्य करून प्रकरण मिटवले. एमआयटी पुढे लढली. हेतू उदात्त होता की नव्हता, यावर अजून वाद घालता येईल. पण ज्याच्याविषयी ठरते तो खोलीत नसताना इतरांनी एकमत करणे ही गोष्ट तपासण्याजोगी आहे, एवढे तरी त्या देशाने मान्य केले.

खेळाचेच उदाहरण हवे असेल तर तेही आहे. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूशी दुसऱ्या प्रशिक्षकाने बोलायचे तर पहिल्या महाविद्यालयाची परवानगी लागे, असा तिथला नियम होता. २०१८ साली तो बदलला. आता खेळाडूने 'मी जाऊ इच्छितो' असे कळवले की महाविद्यालयाने दोन कामकाजी दिवसांत त्याचे नाव एका सामाईक नोंदवहीत चढवायचे. मग कोणीही त्याच्याशी बोलावे. या बदलाने सारे काही सुखाचे झाले असे नाही. नोंदवहीत नाव चढवून कुठेच जागा न मिळालेलेही पुष्कळ आहेत. पण नोंद आपल्या कळवण्यावरून झाली आहे, हे खेळाडूला ठाऊक असते. आमच्या पाच नंबरच्या मुलीला तिची नोंद कुठे झाली हे आजही ठाऊक नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा : 'आम्ही त्यांच्या आईबापांसारखे आहोत, जे सांगतो ते भल्यासाठीच.' असेलही. पण आईबाप जे बोलतात ते निदान लेकराच्या तोंडावर बोलतात. शिवाय ज्या प्रकारचे फोन आम्ही ऐकले, त्यांत भले पाहिले गेले ते ऐकणाऱ्याच्या संघाचे. मायबाप म्हणवून घ्यायचे आणि दलालाचे काम करायचे, या दोन्ही गोष्टी एका माणसाने एकाच वेळी करू नयेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'सगळे लेखी करा, मुलीला दाखवा म्हणाल, तर कोणीच खरे लिहिणार नाही. दाखल्यावरच्या वर्तणुकीसारखे सगळीकडे "चांगली" होईल.' या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यातून निघतो तो निष्कर्ष असा की, जे आपण तिच्या तोंडावर म्हणायला धजत नाही, ते आपल्याला नीट ठाऊकही नसते. 'पकडीत कच्ची आहे' हे तोंडावर सांगता येते. चांगले शिक्षक रोज सांगतात आणि मुली त्यावरून सुधारतात. सांगता येत नाही ते 'घरचं काही खरं नाही'. जे असे अडते, ते पाठवण्याच्या लायकीचेच नव्हते असे समजावे.

तिसरा आक्षेप : 'मग वयचोरी, बोगस प्रमाणपत्रे यांचे काय? तेही झाकायचे?' मुळीच नाही. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर शासकीय नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आहेत, आणि प्रत्येक बोगस प्रमाणपत्रामागे एका खऱ्या खेळाडूची हुकलेली नोकरी आहे. वयचोरीविरुद्ध केंद्र शासनाची संहिता २०१० पासून आहे. पण यांची तक्रार लेखी, सहीनिशी, ज्या कार्यालयाकडे करायची तिथे करायला हवी. ज्याला दोन जन्मतारखा माहीत आहेत आणि जो त्या फक्त आपल्या मित्राच्या कानात सांगतो, तो गुन्हा उघड करीत नसतो. उद्या उपयोगी पडावी म्हणून तो ती बातमी गाठीला बांधून ठेवत असतो.

कायद्याचेही एक वाक्य सांगून ठेवतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत झाला; त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात येणार आहेत. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळायला पालकांची संमती लागेल असे म्हटले आहे. तोंडी फोन या कायद्याच्या कचाट्यात येत नाही, हे खरे. पण फोन ठेवल्यावर व्हॉट्सॲपवर जी दहावीची गुणपत्रिका, आधार कार्डाचा फोटो आणि दवाखान्याची चिठ्ठी जाते, ती डिजिटलच असते. तथापि आमची भिस्त कायद्यावर नाही. परभणीच्या एखाद्या मजुराने मुलीच्या आधार कार्डाच्या फोटोसाठी दिल्लीच्या मंडळाकडे तक्रार करावी, ही कल्पना ज्यांना सुचते त्यांना सुचो.

आमची मागणी साधी आहे आणि तिला शासननिर्णय लागत नाही. खेळाडूविषयी दुसऱ्या महाविद्यालयाला जे सांगायचे ते आधी खेळाडूला सांगावे. खेळाचे जे मोजता येते ते एका कागदावर लिहावे, खाली सही करावी, एक प्रत तिच्या हाती द्यावी. शरीराविषयी जे सांगायचे ते तिच्या आणि तिच्या पालकांच्या होकारानंतरच सांगावे. घर, लग्न, आडनाव यांविषयी विचारू नये, विचारले तर उत्तर देऊ नये. 'तिलाच विचारा' हे दोन शब्द पुरेत. आणि ज्या क्रीडा संचालकांना एखाद्या मुलीला घ्यायचे नाही असे ठरवायचे आहे, त्यांनी तसे ठरवण्याआधी एकदा तिच्याशी बोलावे. एवढ्या मोठ्या निर्णयासाठी एक फोन अधिक करणे परवडण्यासारखे आहे.

याच्या बदल्यात पहिल्या शिक्षकाचेही देणे द्यावे लागेल, हे आम्ही विसरत नाही. गावातल्या सरांच्या मनात जो कडवटपणा असतो त्याचे मूळ पुष्कळदा इथे आहे. सहा वर्षे त्यांनी राबायचे आणि विद्यापीठाच्या पदकासोबत फोटोत दुसऱ्यानेच उभे राहायचे. खेळाडूच्या प्रत्येक सत्कारपत्रात, बातमीत, महाविद्यालयाच्या अहवालात तिच्या पहिल्या शिक्षकाचे नाव छापले जावे. रोख बक्षिसात त्यांचा वाटा असावा. ज्याचे श्रेय उघडपणे मान्य होते, त्याला आपले महत्त्व टिकवण्यासाठी बातम्यांचा साठा करावा लागत नाही.

बी. रघुनाथ यांनी परभणीत राहून लिहिले. गावात त्यांच्या नावाचे सभागृह आहे. त्यांच्या एका कादंबरीचे नाव 'जगाला कळलं पाहिजे' असे आहे. आम्ही इतके मोठे काही मागत नाही. त्या पाच नंबरच्या मुलीविषयी जगाला कधी कळायचे तेव्हा कळो. आधी ते तिला कळले पाहिजे. पाचवीच्या रात्री पाटावर ठेवलेली लेखणी सकाळी तशीच असते आणि कागद कोराच असतो, हे घरातल्या बायकांनी नेहमीच पाहिलेले आहे. सतराव्या वर्षी तरी तो कागद आणि ती लेखणी जिची तिच्या हाती द्यायला काय हरकत आहे?